पहिली मुलाखत: एमआयडीसीच्या गेटपासून ऑफर लेटरपर्यंत

गेली काही वर्षं मी कास्टिंग (धातूचं ओतकाम) आणि मशिनिंगच्या एका कारखान्यात ट्रेनी निवडायच्या टेबलामागं बसतो. समोर येतात ती बहुतेक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातली मुलं-मुली: करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, पन्हाळा. कुणी डिप्लोमा केलेला असतो, कुणी आयटीआय, कुणी बी.कॉम. आत येताना सगळ्यांच्या खांद्यावर ओझं असल्यासारखं दिसतं, आणि बरीचशी मुलं ते ओझं तसंच घेऊन बाहेर पडतात. स्वतःजवळ जे सांगण्यासारखं होतं तेवढंच नेमकं सांगायचं राहून जातं. मला हे बघवत नाही, म्हणून हा लेख. मुलाखतीच्या आठवडाभर आधीपासून नंतरच्या कागदपत्रांपर्यंत काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी कंपनी कळू द्या

बोलावणं आलं की पहिला तास कंपनीसाठी द्या. ती काय बनवते, कुणासाठी बनवते आणि कुठल्या पद्धतीनं बनवते, एवढ्या तीन गोष्टी कळल्या तरी पुरे. कोल्हापूरचा उद्योग मुळात ऑइल इंजिनं आणि ओतकामातून वाढला. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत आजही फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशिन शॉपच जास्त दिसतील. पण ‘फाउंड्री आहे’ ही माहिती अपुरी आहे. ट्रॅक्टरचे भाग ओतणारी, पंपाची केसिंग करणारी आणि व्हॉल्व्ह बनवणारी अशा तीन फाउंड्र्यांत तुम्हाला विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतील.

वेबसाइटवरचं ‘प्रॉडक्ट’चं पान वाचा. तिथं आपल्याला ओळखू येईल असा एक भाग शोधा आणि तो कुठं बसतो ते समजून घ्या. गावातलं किंवा भावकीतलं कुणी त्या भागात कामाला असेल तर त्यांना फोन करा. कोल्हापुरात असं कुणी ना कुणी सापडतंच. वशिला मागायला फोन करू नका. ‘काका, तिथं मोल्डिंग हातानं होतं की मशिनवर?’ एवढंच विचारा. मुलाखतीत ‘तुमच्याकडं मोल्डिंग लाइन मशिनवर आहे असं ऐकलं, मला ती बघायला आवडेल’ म्हणणारा मुलगा आमच्या लक्षात राहतो.

जमलं तर आदल्या दिवशी जाऊन गेट बघून या. एमआयडीसीत प्लॉट नंबर सरळ ओळीत सापडतील याचा भरवसा नाही. मुख्य रस्त्यावर केएमटी (कोल्हापूरची शहर बस) किंवा एसटीतून उतरल्यावर आत बरंच चालावं लागू शकतं.

बायोडाटा: जे समजावून सांगता येईल तेवढंच

एक पान पुरे. नाव, फोन, शिक्षण, प्रोजेक्ट, केलेलं काम, येणारी सॉफ्टवेअर किंवा मशिनं. जन्मकुंडलीसारखी माहिती नको. ‘छंद: वाचन, प्रवास’ लिहिणार असाल तर शेवटचं काय वाचलं याचं उत्तर तयार ठेवा.

यात माझा एकच आग्रह आहे. बायोडाट्यातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ‘हे काय?’ असं विचारलं तर दोन मिनिटं बोलता यायला हवं. ऑटोकॅड लिहिलंय? मग कुठला पार्ट काढला होता? प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला? मग त्यात तुमच्या हातानं काय झालं? विकत आणलेला प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. त्यानंतर उमेदवार जे खरं बोलतो, त्यावरही आमचा विश्वास बसत नाही. लहानसा असला तरी स्वतः केलेला प्रोजेक्ट लिहा.

‘स्वतःबद्दल सांगा’

मुलाखत बऱ्याचदा इथंच ठरते, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

एक डिप्लोमावाला मुलगा आला होता. त्यानं पाठ केलेलं सगळं इंग्रजीत म्हणून दाखवलं. मी मेहनती आहे, मी टीम प्लेअर आहे, माझं ध्येय नामांकित कंपनीत काम करणं आहे. नजर टेबलावर होती. पुढं काय विचारावं मला सुचेना. सहज विचारलं, ‘बाळ, सकाळी किती वाजता उठतोस?’ म्हणाला, ‘साडेचारला, सर.’ का? ‘गावात दूध संस्थेत असतो, संकलनाला.’

मग त्याला बोलतं केलं. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया, आणि त्याच्या वर-खाली दर कसा बदलतो, हे त्यानं एका दमात सांगितलं. नमुना नीट हलवून घेतला नाही तर फॅट चुकीचं लागतं, आणि मग शेतकरी काउंटरवर भांडायला येतो, हेही सांगितलं. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचं फॅट सलग तीन दिवस कमी लागलं. यानं त्यांच्यासमोरच नमुना पुन्हा घेऊन तपासला. मशिनचं कॅलिब्रेशन बिघडलेलं निघालं. यानं सचिवांना सांगितलं आणि दहा दिवसांच्या बिलात त्या बाईंचा फरक काढून दिला.

मला क्वालिटीला माणूस हवा होता. मापनातली चूक ओळखणारा, तक्रार आल्यावर न चिडता पुन्हा तपासणारा, पहाटे साडेचारला कामावर हजर असणारा माणूस समोरच बसला होता, आणि बायोडाट्यात यातली एक ओळ नव्हती. मी विचारलं, हे का लिहिलं नाहीस? तो म्हणाला, ‘सर, ते घरचं काम झालं. अनुभव म्हणजे कंपनीतला ना?’

आपल्याकडची मुलं नेमकं हेच लपवतात. शेतातलं, गोठ्यातलं, गुऱ्हाळावरचं, काकाच्या वर्कशॉपमधलं, बोर्डिंगच्या मेसच्या हिशेबाचं, तालमीच्या किंवा मंडळाच्या वर्गणीच्या वहीचं काम त्यांना सांगण्यासारखं वाटत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. त्या दिवसांत गावातली जनावरं हलवायला किंवा छावणीत जेवणाची व्यवस्था बघायला तुम्ही राबला असाल, तर ते काम सांगा. कुणी सांगितलं, किती माणसं होती, अडचण काय आली, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं: या क्रमानं दीड मिनिटात सांगता आलं पाहिजे.

तर ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर असं बांधा. पहिल्या दोन वाक्यांत नाव, गाव, शिक्षण. नंतर हातानं केलेलं एक काम, आकड्यासह. मग या नोकरीशी त्याचा संबंध. उदाहरणार्थ:

‘मी राधानगरी तालुक्यातला. यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. गेली तीन वर्षं सकाळी गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायचं काम करतो. रोज साधारण दीडशे नमुने असतात. माप चुकलं तर कुणाचं तरी नुकसान होतं, हे तिथं शिकलो. तुमच्या क्वालिटी विभागात अर्ज केलाय तो त्यामुळंच.’

हे अर्ध्या मिनिटात सांगून होतं. पुढचा प्रश्न आपोआप दूध संस्थेवर येतो, म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त माहिती असलेल्या जागी. घरी मोठ्यानं बोलून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. शब्दन् शब्द पाठ करू नका, क्रम तेवढा लक्षात ठेवा.

कामाचे प्रश्न

इथं आम्ही अवघड काही विचारत नाही. पायाभूत गोष्टी पक्क्या आहेत का, एवढंच बघतो. व्हर्निअर हातात देतो आणि समोरच्या पार्टचं माप घ्यायला सांगतो. लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर हे तोंडपाठ असतं, पण माप घेण्याआधी झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्य जुळतं का ते) बघायचं राहून जातं. मायक्रोमीटरवर ०.०१ वाचताना थिंबल (फिरवायची नळी) जास्त आवळली जाते. कॉलेजच्या लॅबमध्ये एक दुपार या दोन उपकरणांसोबत घालवा, आणि स्वतःच्या घरातल्या दहा वस्तू मोजा.

फाउंड्रीत जाणार असाल तर कास्टिंगमधले दोष आणि त्यांची कारणं बोलता आली पाहिजेत. ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं छिद्र) का पडतो? वाळूत ओलावा जास्त झाला, पर्मिअ‍ॅबिलिटी (वाळूतून वायू जाऊ देण्याची क्षमता) कमी पडली, वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. श्रिंकेज का येतं? धातू गोठताना आकसतो आणि रायझरमधून (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्यातून) तिथं पुरेसा वितळलेला रस पोचत नाही. पुस्तकातली व्याख्या मला नको असते. ‘तू सुपरवायझर आहेस, सकाळी रिजेक्शन वाढलं, आधी काय बघशील?’ असं मी विचारतो. ‘वाळूचा रिपोर्ट बघीन, कुठल्या शिफ्टचं आहे ते बघीन, एकाच पॅटर्नवर (साचा पाडायच्या नमुन्यावर) येतंय का ते बघीन’ असं बोलणारा मुलगा विचार करतोय हे कळतं, मग कारण चुकलं तरी चालतं.

अकाउंट्सला जाणाऱ्यांनी पर्चेस ऑर्डर, चलन आणि बिल ही तीन कागदं एकमेकांशी का जुळवायची, हे स्वतःच्या शब्दांत सांगायची तयारी करावी. टॅली येतं म्हणणाऱ्याला एक एंट्री करून दाखवायला सांगतात.

उत्तर येत नसेल तर? ‘हे मला माहीत नाही, सर. माझा अंदाज असा आहे, चुकला तर सांगा.’ हे वाक्य अगदी मोकळेपणानं म्हणा. अंदाज ठोकून तो खरा म्हणून पुढं रेटला, तर तसाच माणूस उद्या चुकीचा पार्टही पास करील, ही भीती आम्हाला वाटते.

भाषा

इंग्रजीच्या धास्तीनं चांगली मुलं गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. इथल्या कारखान्यांत मुलाखत इंग्रजीत सुरू झाली तरी शॉपवरचा (प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचा) साहेब थोड्याच वेळात मराठीवर येतो, कारण काम मराठी-हिंदीतच चालतं. अडलात तर सरळ विचारा, ‘सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?’ चालतं. पण ही सवलत गृहीत धरू नका. ओळख, प्रोजेक्ट आणि ‘आमच्याकडंच का’ या तीन प्रश्नांची उत्तरं साध्या इंग्रजीत तयार ठेवा. पुढं ड्रॉइंग, मेल आणि ग्राहकाचे रिपोर्ट इंग्रजीतच असतात. पुण्याच्या आयटी कंपनीकडं डोळा असेल तर तिथं यापेक्षा जास्त इंग्रजी लागेल, आणि त्याची तयारी सहा महिने आधी सुरू करायला लागते.

आपली बोली रांगडी आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘करालोय’, ‘गेल्तो’ तोंडातून निघालं म्हणून कुणी नापास करत नाही. घाईनं बोलू नका, वाक्य पूर्ण करा, आणि प्रत्येक दोन शब्दांनंतर ‘सर’ लावू नका.

त्या दिवशी

कपडे इस्त्रीचे आणि साधे. पायात बूट. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान असली तरी शॉप दाखवायला नेलं तर उघड्या पायानं आत सोडत नाहीत. मुलींनीही बंद पायताण घालावं, ओढणी असेल तर पिन लावावी. मशिनजवळ तिचा खरोखरच धोका असतो.

फाइलमध्ये बायोडाट्याच्या तीन प्रती, मार्कशीटच्या झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पेन. मूळ कागद दाखवायला न्या, आणि दाखवून झाले की परत फाइलमध्ये ठेवा. जून-जुलैत मुलाखत असेल तर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच निघा. एका मुलीची मार्कशीट माझ्या टेबलावर ओली झालेली पाहिलीय, आणि ती बिचारी पूर्ण वेळ त्या कागदाकडंच बघत होती.

अर्धा तास आधी गेटवर पोचा. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कुणाला भेटायचंय हे नीट लिहा आणि त्यांना ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणून रस्ता विचारा. मुलं गेल्यावर आम्ही गेटवर विचारतो, ‘कसा होता रे पोरगा?’ त्यांचं मत आम्ही ऐकतो. फोन बंद करा. सायलेंटवर ठेवलेला फोन खिशात थरथरतो आणि लक्ष तिकडं जातं. आत गेल्यावर बसायला सांगेपर्यंत थांबा, पाणी दिलं तर घ्या. हात थरथरत असतील तर फाइल टेबलावर ठेवून मांडीवर हात ठेवा. घाबरणं सगळ्यांच्या बाबतीत होतं, आणि आम्ही त्याचे गुण कापत नाही.

टोचणारे प्रश्न

एटीकेटी का लागली, वर्ष का गेलं, हे विचारलं जाणारच. कारण एका वाक्यात खरं सांगा आणि नंतर काय केलं ते दोन वाक्यांत. ‘दुसऱ्या वर्षी गणित राहिलं. वडील आजारी होते, पण अभ्यासही कमी पडला. पुढच्या सत्रात रोज दोन तास देऊन काढलं.’ शिक्षकांना किंवा विद्यापीठाला दोष देणारी लांब कहाणी ऐकताना, पुढं रिजेक्शन आलं की हा मुलगा दुसऱ्या शिफ्टवर ढकलणार, असं वाटायला लागतं.

‘घरी ऊस आहे म्हणतोस, तोड आली की सुट्टी टाकशील?’ हा आपल्या भागातला खास प्रश्न. कारखान्यांना याचा खरोखर त्रास होतो. ‘नाही’ असं ठोकून देऊ नका, पटत नाही. तोड बघायला घरी कोण आहे, रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला कोण जातं, हे सांगा, आणि सुट्टी लागली तर आधी सांगून घेईन असं म्हणा.

‘वर्षभरात पुण्याला पळशील का?’ याला माझं आवडतं उत्तर एका मुलीनं दिलं होतं: ‘सर, दोन वर्षांत काय शिकायला मिळेल ते सांगा, मी दोन वर्षांचा शब्द देते.’

मुलींना लग्नाबद्दल, मुलाबाळांबद्दल विचारणारे लोक अजून आहेत. असे प्रश्न विचारायला नकोत, हे मी आमच्या टेबलावरही बोललो आहे. तुमच्यावर ती वेळ आली तर खासगी प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ‘माझी शिफ्टची आणि प्रवासाची तयारी आहे, कामात त्यामुळं अडचण येणार नाही’ एवढ्यावर विषय कामाकडं वळवा. आणि तुम्हीही विचारा: शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस आहे का, ती कुठपर्यंत येते? ज्या कंपनीकडं याचं नीट उत्तर नसेल, तिच्याबद्दल दोनदा विचार करा.

पगार

‘किती अपेक्षा आहे?’ यावर ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका. कॉलेजच्या मागच्या बॅचला काय मिळालं ते आधी विचारून ठेवा आणि तो आकडा सांगा. महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: हातात किती येणार?

समजा महिन्याचा एकूण पगार १८,००० आणि त्यात बेसिक १५,००० आहे. बेसिकच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० जातात. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल तर एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १३५. पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर २००. हातात उरले १५,८६५. पीएफचे पैसे तुमच्याच नावावर साठतात आणि ईएसआयमधून दवाखान्याचा आधार मिळतो, त्यामुळं या कपातीला घाबरू नका. सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा मात्र नीट वाचा, त्यात कंपनीनं भरायचा पीएफही धरलेला असतो. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापतात का, तेही विचारा.

नेमणूक ट्रेनी म्हणून आहे की अप्रेंटिस म्हणून, हे स्पष्ट करून घ्या. अप्रेंटिस हा १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ असतो. त्याला पगार नसतो, विद्यावेतन असतं. मुदत संपल्यावर प्रमाणपत्र मिळतं, पण कायम नोकरी मिळेलच असं नसतं. शिकण्यासाठी मला ही वाट चांगली वाटते, फक्त समजून निवडा.

‘तुम्हाला काही विचारायचंय?’

‘नाही सर’ म्हणून उठू नका. ‘पहिले तीन महिने मी कुठल्या मशिनवर किंवा कुठल्या विभागात असेन? माझं काम कोण बघेल?’ हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. शॉप दाखवता का असं विचारणाऱ्याला मी स्वतः घेऊन जातो.

नंतर

घरी पोचल्यावर मित्रांचे फोन घ्यायच्या आधी वही उघडा. विचारलेले सगळे प्रश्न, तुमची उत्तरं आणि कुठं अडलात ते लिहून काढा. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. आठवड्यात कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही, तर आठव्या दिवशी एक फोन करा. रोज करू नका.

निवड झाली तर ऑफर लेटर कागदावर किंवा मेलवर येईपर्यंत हातातली दुसरी मुलाखत सोडू नका. बॉन्ड असेल तर किती महिन्यांचा, मध्येच सोडल्यास किती रक्कम, हे वाचून मगच सही करा. घरी नेऊन वाचतो म्हणालात तर चांगली कंपनी अडवत नाही. मूळ मार्कशीट कुणी कायमची ठेवून घेत असेल तर देऊ नका. आणि नोकरीसाठी ‘डिपॉझिट’, ‘ट्रेनिंग फी’, ‘ड्रेसचे पैसे’ असं काही आधी मागितलं, मग ते ओळखीच्या माणसामार्फत का असेना, तिथून उठून या. गहाण ठेवलेल्या डोरल्याचे पैसे अशा एजंटाला देऊन बसलेला बाप मी माझ्या गावात पाहिला आहे. त्या मुलाला पुढं वर्षभरानं नोकरी लागली, एक रुपया न देता, आणि त्या मुलाखतीत तो त्याच्या वडिलांच्या रसवंतीच्या मशिनबद्दल बोलला होता.